लिव्हरमध्ये ६ सेंमीची सिस्ट निघालीय, सुईने पाणी काढायचं का तशीच सोडायची?

वैतागलेली_लेक

मंडळी जरा मदत करा. आईचं (वय ५८) जेवल्यावर पोट फुगतं, गच्च वाटतं म्हणून पित्ताशयात खडे आहेत का बघायला सोनोग्राफी केली. खडे नाहीत, पण रिपोर्टमध्ये लिहून आलंय की लिव्हरच्या उजव्या बाजूला ६.२ बाय ५.४ सेंमीची सिस्ट आहे, आणि अजून दोन बारक्या आहेत १ सेंमीच्या आतल्या. एलएफटी (लिव्हरचं काम तपासणारी रक्ततपासणी) नॉर्मल आहे, कावीळ वगैरे काही नाही, वजनही उतरलेलं नाही. ज्यांनी सोनोग्राफी करायला सांगितली ते डॉक्टर म्हणाले विसरून जा, काही करायचं नाही. मनाचं समाधान होईना म्हणून दुसऱ्यांना दाखवलं तर ते म्हणाले ५ च्या वर गेलीय म्हणजे मोठीच आहे, सुई घालून पाणी काढून टाकू, लगेच घरी जाल. आता एकच रिपोर्ट बघून दोन डॉक्टर इतकं उलटसुलट कसं बोलतात? आई तर त्या दिवसापासून उजव्या बरगडीखाली चाचपत बसते आणि मला विचारते आज वाढलीय का गं. हे पुढे कॅन्सर वगैरे होऊ शकतं का, सुई लावायची का नाही, खाण्यात काही पथ्य आहे का, कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

निवांत_गडी

माझ्याकडे ४ सेंमीची आहे, कित्येक वर्षं आहे, दुसऱ्याच कशासाठी तरी सीटी केला होता त्यात सापडली. काही करत नाही, काही होत नाही. आईला म्हणावं चाचपणं बंद करा आधी, ६ सेंमीची सिस्ट हाताला लागत नसते शक्यतो.

ट्रान्सड्यूसर

मी सोनोग्राफीच्याच लाइनमधला आहे. आईंच्या इमेजेस बघितलेल्या नाहीत त्यामुळे खाली लिहितोय ते सर्वसाधारण समजा, अंतिम शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

पहिलं म्हणजे रिपोर्ट काढा आणि ६.२ वर अडकून न राहता त्याच्या आजूबाजूचे शब्द वाचा. 'अनएकोइक' लिहिलंय का, म्हणजे आतून पूर्ण काळी. 'थिन वॉल', म्हणजे भिंत दिसेल न दिसेल इतकी पातळ. 'नो सेप्टेशन', आत पडदे नाहीत. आणि 'पोस्टिरियर अकूस्टिक एनहान्समेंट', म्हणजे सिस्टच्या मागचा लिव्हरचा भाग जास्त उजळ दिसतोय, कारण पाण्यातून जाताना आवाजाची ताकद कमी होत नाही. हे चारही असतील तर ती साधी सिस्ट, निदान तिथेच संपलं, त्यासाठी सीटी नको एमआरआय नको. आणि ट्यूमर मार्कर, म्हणजे कॅन्सरचा संशय बघायच्या रक्ततपासण्या, तर मुळीच करू नका. सीए १९-९ नावाची रक्ततपासणी हौसेने करणारे खूप भेटतात, आणि साध्या सिस्टमध्येही तो आकडा वाढलेला निघू शकतो कारण सिस्टच्या आतलं अस्तर स्वतःच तो पदार्थ तयार करतं. मग घरभर रडारड आणि नसत्या तपासण्यांची रांग.

ही होते कशी तर लिव्हर घडताना काही बारीक पित्तनलिका मुख्य जाळ्याला जोडल्याच जात नाहीत, तशाच सुट्या राहतात, त्यांच्या अस्तरातून थेंब थेंब पाणी झिरपत राहतं आणि बाहेर जायला वाट नसते, त्यामुळे वर्षानुवर्षं हळूहळू मोठी होत जाते. म्हणून बहुतेक चाळिशी-पन्नाशीनंतरच सापडतात. बायकांमध्ये जास्त, आणि मोठ्या होऊन त्रास देणाऱ्या तर बायकांमध्येच खूप जास्त. सोनोग्राफी केलेल्या शंभरातल्या तीन ते पाच जणांकडे असते म्हणा, सीटी-एमआरआयमध्ये याहून जास्त, कारण बारक्यासुद्धा दिसतात. खाण्यापिण्याने होत नाही त्यामुळे पथ्याने जातही नाही. साध्या सिस्टचा कॅन्सर होत नाही, हे आईंना स्पष्ट सांगा.

आता ५ सेंमीचं. ५ च्या वर गेली म्हणजे उपचार, असं काही नाही. मोठ्या सिस्ट त्रास देण्याची शक्यता जास्त, एवढाच त्याचा अर्थ. युरोपातल्या लिव्हर तज्ज्ञांच्या संस्थेने, म्हणजे ईएएसएलने, २०२२ साली सिस्टवाल्या लिव्हरच्या आजारांवर गाइडलाइन काढली त्यात तर सरळ म्हटलंय की साधी सिस्ट असेल आणि त्रास नसेल तर उपचार सोडाच, दरवर्षी सोनोग्राफी करून मोजत बसायचीही गरज नाही. त्रास सुरू झाला तर तेव्हा परत सोनोग्राफी करा.

एक हिशोब सांगतो, मला स्वतःला हा फार उपयोगी वाटतो. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची गुणिले ०.५२ केलं की साधारण किती पाणी आहे ते कळतं. तिसरं माप तुम्ही दिलेलं नाही, ५.४ च धरू, तर येतं ९४ मिली. लिव्हर स्वतः दीड लिटरच्या आसपास असतं, त्यात ९४ मिली. आता हीच सिस्ट १२ सेंमीची असती तर दुप्पट नाही, जवळजवळ ९०० मिली झालं असतं. त्यामुळे सेंमीमध्ये ६ आणि १२ ऐकायला जवळ वाटतात पण पोटातला मामला पूर्ण वेगळा असतो.

म्हणून मला शंका आहे की आईंचं पोट फुगणं या सिस्टमुळे आहे का. सिस्टमुळे होतं तेव्हा दोन घास खाल्ले की पोट भरतं, उजव्या बरगडीखाली जड वाटतं, कधी उजव्या खांद्यात दुखतं, वाकताना अडचण होते. नुसतं जेवणानंतर फुगणं हे हजार कारणांनी होतं. आधी ती कारणं तपासून घ्या, नाहीतर पाणी काढाल आणि पोट फुगतच राहील.

जडीबुटी_फॅन

अहो इतकं घाबरायचं काय. लिव्हरच्या गाठी विरघळवणारे काढे मिळतात, माझ्या ओळखीत एकाने तीन महिने घेतला आणि गाठ गायब, रिपोर्ट आहे. सुई नि ऑपरेशन करण्याआधी हे ट्राय करायला काय हरकत आहे, साइड इफेक्ट तर नाहीत.

ट्रान्सड्यूसर

@जडीबुटी_फॅन हरकत आहे. ती पाण्याची पिशवी आहे, पोटात गेलेल्या कुठल्याही औषधाने तिचं अस्तर पाणी झिरपवायचं थांबवत नाही. आणि साइड इफेक्ट नाहीत हे तर अजिबातच खरं नाही, घटक न लिहिलेल्या काढ्या-चूर्णांनी लिव्हरला सूज येऊन ॲडमिट झालेले पेशंट असतात. चांगलं चाललेलं लिव्हर आहे बाईंचं, एलएफटी नॉर्मल आहे, त्याला कशाला हात लावायचा. आणि ओळखीतल्याची 'गायब' झाली म्हणताय तर कधी कधी सिस्ट आपोआप फुटून लहान होते, किंवा दुसऱ्या माणसाने वेगळ्या कोनातून बघितली की बारकी सुटून जाते. श्रेय काढ्याला.

कडेलोट

मी सुईवाल्या प्रकारातून गेलेय त्यामुळे लिहितेच. माझी सिस्ट १३ सेंमीची होती, पोट इतकं पुढे आलं होतं की लोक अभिनंदन करायचे 😑 अर्धी पोळी खाल्ली की बास व्हायचं, डावीकडे वळून झोपलं की आत काहीतरी सरकल्यासारखं वाटायचं.

पहिल्यांदा एका ठिकाणी फक्त पाणी काढलं, दुसरं काही नाही. पाणी एकदम नितळ, फिकट पिवळसर. त्या रात्री पोटभर जेवले आणि खूप वर्षांनी इतकं हलकं वाटलं की काय सांगू, पण काही महिन्यांत जैसे थे, तेवढीच परत भरली. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की भरणारच होती, अस्तर जिवंत आहे तोवर ते पाणी करतच राहणार, नुसतं उपसून काय होणार. त्यामुळे वैतागलेली ताई, कोणी "सुईने पाणी काढू" म्हणालं तर पुढचा प्रश्न विचारायचा, "आणि मग आत काय घालणार?" काहीच नाही म्हणाले तर तिथून उठायचं. फार तर एका गोष्टीला उपयोग होतो, दुखणं खरंच सिस्टचं आहे का हे कळतं, पाणी काढल्यावर बरं वाटलं म्हणजे सिस्टच कारण.

मग माझी स्क्लेरोथेरपी केली, म्हणजे पाणी काढून आत औषध घालायचं आणि अस्तर मारायचं. भूल फक्त त्या जागेपुरती. सोनोग्राफीत बघत बघत एक बारीक नळी आत सोडली, शेवटाला वळलेली असते ती, मग पाणी सगळं काढलं, आणि मग एक रंग सोडून एक्स-रेवर बघितलं की तो पित्तनलिकेत जातोय का. हे फार महत्त्वाचं आहे असं सांगितलं, कारण पित्तनलिकेशी वाट असेल तर आत अल्कोहोल घालता येत नाही, नलिका कायमच्या खराब होतात. माझी वाट नव्हती. मग प्युअर अल्कोहोल आत भरलं, आणि मला या कुशीवरून त्या कुशीवर, पालथं, परत उताणं असं फिरवत राहिले म्हणजे सगळ्या भिंतींना लागेल, आणि शेवटी ते परत ओढून घेतलं. मधे एकदा जी कळ आली ती विसरणार नाही, थोडंसं बाहेर झिरपलं असावं, आणि डोकं पण गरगरायला लागलं कारण थोडं रक्तात जातंच. काही ठिकाणी अल्कोहोलऐवजी पॉलिडोकॅनॉल किंवा टेट्रासायक्लिन जातीचं औषध वापरतात.

आणि खरी गंमत नंतर आहे, हे मला आधी कोणी नीट सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. काही आठवड्यांनी हौसेने सोनोग्राफी केली तर सिस्ट परत जवळजवळ तेवढीच!! मी रडून घर डोक्यावर घेतलं. डॉक्टर शांत. म्हणाले अस्तर मेलंय, पण भाजलेल्या जागेला पाणी सुटतं तसं पाणी आधी जमतं आणि मग ते शरीर हळूहळू शोषून घेतं, सहा महिन्यांच्या आत मोजूच नका. तसंच झालं. आता एक छोटीशी सुरकुतलेली खूण आहे फक्त, आणि जेवण नॉर्मल. आता त्रास नाही तर डॉक्टर म्हणतात परत स्कॅन करायलाच येऊ नकोस.

वैतागलेली_लेक

@ट्रान्सड्यूसर खूप धन्यवाद, रिपोर्ट परत वाचला. अनएकोइक आहे, थिन वॉल आहे, एनहान्समेंट पण आहे. सेप्टेशनबद्दल काहीच लिहिलेलं नाही, आहे असंही नाही आणि नाही असंही नाही. मग काय समजायचं? @कडेलोट बाप रे, पण किती नीट सांगितलंत. आणि दुर्बिणीने पण करतात ना हे? त्या दुसऱ्या डॉक्टरांच्या कंपाउंडरने तसं काहीतरी म्हटलं होतं.

दुर्बीण

दुर्बिणीतून करतात त्यात सिस्टचं लिव्हरच्या बाहेर आलेलं छत कापून काढतात. बाकी पिशवी तिथेच राहते, फक्त ती उघडी होते, मग जे पाणी सुटेल ते पोटाच्या पोकळीत येतं आणि पोटाचं अस्तर ते शोषून घेतं. सिस्ट लिव्हरच्या पृष्ठभागावर असेल तर छान जमतं, लिव्हरच्या आत खोल असेल किंवा अगदी मागच्या-वरच्या बाजूला, म्हणजे सेगमेंट ७-८ मध्ये, तर छत कापायला हात पोचत नाही नीट आणि ते कडेला परत चिकटून सिस्ट भरते. कापलेला तुकडा पॅथॉलॉजीला गेलाच पाहिजे हे आवर्जून विचारा. स्क्लेरोथेरपी बरी का दुर्बीण, यावर डॉक्टरांमध्ये मारामारी आहे, दोन्ही चालतं, ज्या टीमचा ज्यात हात बसलाय ते करावं हे माझं मत. पूर्ण भूल, पोटाला भोकं, हे सगळं दुर्बिणीत येतंच, त्यामुळे त्रास नसताना तर कोणीही हे करू नये.

आणि सेप्टेशनबद्दल लिहिलेलं नाही ना, तर फोन करून विचारा. यात लाजायचं काही नाही. कारण बायकांमध्ये, मध्यम वयात, एकुलती एक मोठी सिस्ट, बहुतेक डाव्या बाजूला आणि आत पडदे, असं चित्र असेल तर म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम नावाची वेगळी गोष्ट असू शकते. ती साधी सिस्ट नाही, तिच्यातल्या थोड्यांचा पुढे कॅन्सर होतो, म्हणून ती छत कापून सोडायची नसते, पूर्ण काढावी लागते. तुमच्या आईंची उजवीकडे आहे, सोबत अजून दोन आहेत, त्यामुळे चित्र तसं जुळत नाही, पण विचारून घ्यायला काय जातंय.

ट्रान्सड्यूसर

वरच्याला +१. पडदे दिसले तरी लगेच छातीत धस्स व्हायला नको एवढं फक्त जोडतो. साध्या सिस्टमध्ये कधी आतल्या आत रक्तस्राव होतो आणि गुठळ्यांचे धागे सोनोग्राफीत अगदी पडद्यांसारखे दिसतात. तेव्हा डॉपलर लावून त्या धाग्यांमध्ये रक्तप्रवाह आहे का बघतात, आणि कॉन्ट्रास्ट एमआरआय करतात. एमआरआय लागतो तो अशाच शंकेच्या वेळी.

मेंढरांच्या_मागे

सगळ्यांनी सगळं सांगितलं पण एक प्रश्न कोणी विचारला नाही. आईंचा कुत्र्या-मेंढरांशी संबंध आलाय का, आत्ता नाही, लहानपणी सुद्धा? हायडॅटिड सिस्ट. कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक कृमी असतो एकिनोकोकस नावाचा, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडून आपल्या हाता-तोंडात गेली की लिव्हरमध्ये सिस्ट करतात, आणि ती इतक्या सावकाश वाढते की संबंध आलेला असतो लहानपणी आणि सापडते म्हातारपणी. सुरुवातीच्या स्टेजची हायडॅटिड सोनोग्राफीत काळी, गोल, स्वच्छ, अगदी साध्या सिस्टसारखी दिसू शकते. फरक भिंतीत असतो, तिथे दुहेरी रेघ दिसते. पुढच्या स्टेजला आत पिल्लं सिस्ट दिसतात किंवा आतला पापुद्रा सुटून पाण्यात तरंगताना दिसतो, तेव्हा ओळखणं सोपं.

हे का महत्त्वाचं, तर साधी समजून हायडॅटिडला सुई घातली आणि पाणी पोटात सांडलं तर जीवघेणी ॲलर्जीची रिॲक्शन येऊ शकते आणि पोटभर नवीन सिस्ट पेरल्या जाऊ शकतात. हायडॅटिडलाही सुईने उपचार करतात, पेअर म्हणतात त्याला, पण आधीपासून अल्बेंडाझोल ही कृमीवरची गोळी चालू ठेवून, रिॲक्शनची सगळी तयारी ठेवून, आत कृमी मारणारं द्रावण घालून. रक्ताची अँटिबॉडी टेस्ट असते, पण ती निगेटिव्ह आली म्हणजे शंभर टक्के नाही असं नाही, सोनोग्राफी आणि टेस्ट दोन्ही मिळून ठरवतात. आमच्या घरात झालंय म्हणून पोटतिडकीने लिहितोय. कोणी अल्बेंडाझोलच्या ४०० मिग्रॅच्या गोळ्या स्वतःहून आणून खाऊ नका प्लीज, त्या दिवसातून दोनदा महिनोन् महिने चालतात आणि मधे मधे लिव्हरच्या नि रक्तपेशींच्या तपासण्या कराव्या लागतात.

दहाच्या_वर

माझ्या लिव्हरमध्ये मोजता येणार नाहीत इतक्या आहेत म्हणून दोन शब्द. दहाच्या वर सिस्ट असतील तर ते पॉलिसिस्टिक लिव्हर धरतात, तुमच्या तीन आहेत म्हणजे त्यात बसत नाही. पण सोनोग्राफीत किडनी बघितलीच असेल, तिथे सिस्ट आहेत का ते वाचा, घरात कोणाला किडनीचा त्रास, डायलिसिस वगैरे आहे का आठवा. किडनीच्या सिस्टचा जो आनुवंशिक आजार आहे त्यात बहुतेकांना लिव्हरमध्येही होतात. आम्हाला इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या बंद करायला सांगतात कारण त्याने सिस्ट वाढतात, त्यामुळे आई पाळीनंतरची हार्मोनची गोळी घेत असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला. आमच्यासाठी ऑक्ट्रिओटाइड, लॅनरिओटाइड अशी इंजेक्शनं असतात, तुमच्या केसला त्याची गरज नाही.

वैतागलेली_लेक

अपडेट देते. सोनोग्राफी जिथे केली तिथे फोन केला, त्यांनी इमेजेस परत बघून सांगितलं की पडदे नाहीत, भिंतीला दुहेरी रेघ नाही, सुधारित रिपोर्ट पण दिला. आईच्या माहेरी कुत्री आणि शेळ्यामेंढ्या दोन्ही होत्या 🙈 म्हणून पहिल्या डॉक्टरांना सांगून हायडॅटिडची टेस्ट केली, ती निगेटिव्ह आहे, आणि रेघ नाही म्हटल्यावर त्यांचं म्हणणं पडलं की आता थांबा. किडनी स्वच्छ. हार्मोनची गोळी नाही. दुसऱ्या डॉक्टरांना "पाणी काढल्यावर आत काय घालणार" विचारलं तर म्हणाले काही नाही, परत भरली तर परत काढू. तो विषय संपला. पोट फुगण्यासाठी एन्डोस्कोपी करायची ठरलीय.

आता आईचे दोन प्रश्न उरलेत, उजव्या कुशीवर झोपलं तर फुटेल का, आणि व्यायाम करू का. ती रोज घाम निघेपर्यंत चालते आणि पालथं झोपून करायचे दोन व्यायाम आहेत ते तिने बंद केलेत. आणि बाबांच्या मागे लागून तिने स्वतःसाठी पोटाचा पट्टा मागवलाय तो वापरायचा का 😐

ट्रान्सड्यूसर

पट्टा परत करा. हव्या त्या कुशीवर झोपू दे, पालथं झोपायचे व्यायामही चालू करू दे, ९४ मिलीची सिस्ट त्याने फुटत नाही. खूप मोठी सिस्ट असेल आणि पोटावर जोरात मार बसला तर फुटल्याची उदाहरणं आहेत, पण ती विरळ. लक्ष ठेवायचं ते इतकंच: एकदम असह्य दुखलं तर आत रक्तस्राव असू शकतो, ताप आणि हुडहुडी भरून उजवीकडे दुखलं तर सिस्टमध्ये इन्फेक्शन, आणि डोळे पिवळे दिसले तर पित्तनलिकेवर दाब. यातलं काही झालं तर वाट न बघता दाखवा. रक्त पातळ करायची गोळी पुढे कधी सुरू झाली तर सिस्ट आहे हे त्या डॉक्टरांना सांगून ठेवा, पण सिस्टच्या भीतीने गोळी टाळायची नाही.

कडेलोट

आणि एन्डोस्कोपीत काय निघालं ते इथे टाका हं, मलाही उत्सुकता आहे.